पेजवरचे अण्णाराव

धंदा विश्वासावर चालतो, असं अण्णाराव म्हेत्रे चाळीस वर्षं सांगत आले होते. सध्या शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या टॉवेलच्या दुकानात त्या विश्वासावर एक मांजर झोपत होतं.

गेल्या आठवड्यात अण्णारावांनी गल्ल्याची किल्ली मुलापुढं ठेवली.

"दसऱ्यापर्यंत चालवून दाखव. न्हाय जमलं तर गाळा मोबाइल कव्हरवाल्याला देतो. मी आता पायरी चढणार न्हाय."

आणि ते घरी जाऊन बसले. शिवराजला दुकानाशिवाय दुसरं काही येत नव्हतं. दुकानही बेताचंच येत होतं, पण आता तेवढ्यावरच संसार होता.

त्याच्या बायकोनं, अपेक्षानं, एक फुकटचं ऑनलाइन शिबिर केलं होतं. लहान दुकानदारांनी सोशल मीडियावरून गिऱ्हाईक कसं आणावं, असा विषय.

"माल दाखवायचाच नसतो," ती म्हणाली. "माणूस दाखवायचा. लोकांना चेहरा लागतो. आपल्याकडं अण्णा आहेत की."

अण्णांचा बरा फोटो एकच निघाला. मंद्रूपला, त्यांच्या मूळ गावी, सत्कार झाला होता तेव्हाचा, हार घातलेला. रंग उडाले होते म्हणून अपेक्षानं तो काळा-पांढरा केला. भोवती नक्षीची चौकट लावली. खाली लिहिलं, 'अण्णाराव म्हेत्रे. कष्ट, सचोटी, साधेपणा.' मग दुकानाची सगळी माहिती. रात्री पेजवर टाकलं. सुरुवात ओळखीच्यांपासून करावी, असं शिबिरात सांगितलं होतं, म्हणून मंद्रूपच्या ग्रुपवरही टाकलं. तिथं नुसता फोटोच गेला. माहिती फार लांबली होती.

सकाळपर्यंत सगळ्या ग्रुपनं हात जोडले होते.

"एकानं 'फार मोठा माणूस' असं लिहिलंय," अपेक्षा म्हणाली.

"अण्णा?" शिवराज म्हणाला. "माळ्यावरचं काही काढायचं तर मला हाक मारतात."

शटर वर जातंय तोवर मंद्रूपचा टेम्पो दारात थांबला. अण्णांचे चुलतभाऊ भीमाकाका उतरले. मागं दहा-बारा माणसं. कुणी हसेना, कुणी बोलेना.

"दुकान उगडलंस व्हय रं?" काकांनी विचारलं.

"मग? काही होवो, शटर वर पाहिजे. अण्णांचीच शिकवण आहे."

"आज बी?"

"आज तर पाहिजेच की, काका. मोबाइलवर बघितलं ना तुम्ही?"

"बगितलं म्हनून तर आलो." काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "टावेल दे एक. चांगला दे."

मागच्या प्रत्येकानं एकेक टॉवेल घेतला. मंद्रूपच्या माणसानं घासाघीस न करता काही घेतल्याचं शिवराजनं आजवर पाहिलं नव्हतं. तो गोंधळला आणि आपणहून भाव उतरवू लागला. एक म्हातारा दुखावला. "आज कमी करू नगंस बाबा."

अपेक्षानं चहा मागवला. कपाला कुणी हात लावला नाही.

"अण्णा घरीच हायेत न्हवं अजून?" जाताजाता काकांनी हळूच विचारलं.

"घरीच. ऊन उतरल्याशिवाय बाहेर नाही."

"बरं केलंत. सांगतो समद्यास्नी."

दुसरा टेम्पो आला. मग एक जीप. शेजारचा भांडीवाला बाहेर येऊन बघायला लागला. गावातल्या बजामावशींनी टॉवेल पदराखाली धरला आणि शिवराजच्या गालावरून हात फिरवला.

"लई घट्ट काळजाचा हायस रं लेकरा."

"व्हावंच लागतं, मावशी. बाजारच तसा आहे."

"मावशी, जरा हसा की," अपेक्षा मोबाइल धरून म्हणाली. "रील काढते."

मावशींनी तोंडात पदर कोंबला आणि हुंदका देत बाहेर गेल्या.

"कॅमेऱ्याला बुजतात," अपेक्षा म्हणाली.

दुपारी टॉवेल संपले. कडा विटलेले, वर्षानुवर्षं कपाटात पडलेले, तेही गेले. शिवराज मोकळ्या फळ्यांकडं बघत उभा राहिला. आनंद झाला होता, पण तो कुठून झाला ते नीट कळत नव्हतं.

"चादर का कुणी घेत नाही?" त्यानं विचारलं. "नॅपकिनसुद्धा नाही. सगळ्यांना टॉवेलच."

"एका वेळी एकाच मालाची लाट येते. शिबिरात सांगितलंय."

"आणि चहा का घेईनात?"

त्यावर शिबिरात काही सांगितलेलं नव्हतं.

ऊन उतरायला अण्णारावांचा फोन आला.

"दुकान बंद कर आन घरी ये."

"अण्णा, सगळे टॉवेल गेले! दसऱ्याची वाट बघायला नको. आता गाळ्याचं काय?"

"आदी घरी ये. गाव जमलंय हितं."

शिवराजनं शटर ओढलं. अण्णांचा आवाज त्याला जरा चिडका वाटला, पण हरलेल्या माणसाचा आवाज तसाच असतो, असं त्यानं अपेक्षाला सांगितलं. गाव अभिनंदनाला आलं असणार, यावर दोघांचं एकमत झालं. उद्या कारखान्यात जाऊन दुप्पट माल सांगायचा, हेही वाटेतच ठरलं.

घरापुढची गल्ली भरली होती. प्रत्येकाच्या हातावर घडी न मोडलेला टॉवेल होता. बजामावशी डोळे पुसत हसत होत्या. भीमाकाका दोन हिरव्या बांबूंना टेकून उभे होते आणि शिवराजकडं बघायचं टाळत होते. ओट्यावर खुर्ची टाकून अण्णाराव एकेकाला चहाला आत बोलवत होते. त्यांच्या अंगावर घालायला आणलेले टॉवेल, ते जिवंत असल्यामुळे, आजच्या आज दुकानात परत करायचे असं मंद्रूपकरांनी ठरवलं होतं.