उरलेला मजकूर

सौम्यानं नवी वीणा मांडीवर घेतली, ती उलटी. भोपळा डावीकडे, दांडीच्या टोकाला कोरलेल्या याळीचं सिंहासारखं तोंड उजवीकडे.

"फिरव बाळ," सुंदर आसारी तमिळमध्ये म्हणाला. नऊ महिने खपून त्यानं फणसाच्या एकाच खोडातून ही वीणा कोरली होती. "भोपळा उजव्या हाताशी."

सौम्यानं फिरवली नाही. तिनं ओढणीखालचा डावा हात बाहेर काढला. अंगठा होता, त्याच्या शेजारचं बोट होतं. पुढची तीन नव्हती.

"या हातानं फक्त छेडता येतं, ताता. पडदे मी उजव्यानं दाबते. दोन वर्षं झाली तसं शिकतेय." मग तिनं तारांकडे पाहिलं. "पण ह्या कडेच्या तालाच्या तारा पलीकडे गेल्या, माझ्या बाजूला नाहीत."

आसारीचं हसू गेलं. त्यानं विनुताकडे पाहिलं. तंजावरात त्याच्या वीणांची मागणी घ्यायची, गिऱ्हाइकांना उत्तरं द्यायची, मापं समजावून सांगायची, हे सगळं विनुता बघायची. आसारीला इंग्रजी येत नव्हतं.

"हे कुणी सांगितलंच नाही," विनुता म्हणाली.

"सांगितलं होतं, अक्का," सौम्या म्हणाली. "मेलमध्ये."

सौम्याचे वडील अनिरुद्धराव कोइंबतूरहून पहाटेच गाडी घेऊन निघाले होते. ते आता म्हणाले, "आणि तुमचं उत्तरही आलं होतं. सगळं लक्षात घेतलंय म्हणून."

विनुतानं फोन काढला. फोनमध्ये आधीपासून असलेलंच मेलचं ॲप ती वापरायची. कामासाठी नीट सोय करून घे, असं तिचा भाऊ शिवराज दोनदा म्हणाला होता. दिवसाला चार मेल येतात, त्याला काय करायची सोय, असं तिनं त्याला सांगितलं होतं.

तिनं सौम्याचं नाव घालून शोधलं. काहीही सापडलं नाही, असं ॲपनं कळवलं. आडनाव घातलं. तेच. मग लक्षात आलं की ॲपमध्ये फक्त गेल्या महिन्याभराचे मेल उतरलेले होते.

"मार्चमधला आहे," सौम्या म्हणाली. "अकरा तारखेचा."

विनुता बोटानं खाली खाली जात राहिली. दर थोड्या वेळानं यादी थांबायची, चक्र फिरायचं, जुने मेल यायचे, पुन्हा चक्र. जुलै. जून. एकदा बोट चुकून भलत्या ठिकाणी लागलं आणि यादी सरळ वर, आजच्या तारखेवर गेली.

"शी!" विनुता ओरडली. आत कारखान्यात रंधा मारणारे दोघे कारागीर क्षणभर थांबले.

तिनं पुन्हा सुरुवात केली. अनिरुद्धराव घड्याळाकडे बघत नव्हते, तरी तिला वाटलं बघताहेत.

अखेर मार्च आला. मेल उघडला. पहिल्या परिच्छेदात सौम्याच्या गुरूंचं नाव, दुसऱ्यात आसारीच्या वीणेचा आवाज तिनं प्रथम कुठे ऐकला ते, तिसऱ्यात लांबीरुंदी आणि याळीचा रंग. मग संपलं.

"बघा," विनुता फोन पुढे करत म्हणाली. तिच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी आलं. "हातांबद्दल एक अक्षर नाही यात."

सौम्यानं फोनच्या पडद्याच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे करड्या रंगात, वाचायला डोळे बारीक करावे लागतील अशी एक ओळ होती: उरलेला मजकूर डाउनलोड करा.

विनुतानं ती दाबली. आणखी दोन परिच्छेद खाली उतरले. बसचा अपघात. तीन बोटं. गुरूंनी पुन्हा पहिल्या धड्यापासून, उलट्या हातानं शिकवायला घेतलं ते. जुनी वीणा उलटी धरली की तालाच्या तारा पलीकडे जातात म्हणून त्या काढून टाकल्यात, त्यामुळे ताल धरता येत नाही, म्हणून सगळं उलट्या बाजूला असलेली वीणा हवी. जमेल का, विचारून कळवावं. त्याच्या खाली विनुताचं स्वतःचं उत्तर होतं. ते तिनं मोठ्यानं वाचलं नाही.

आसारीला तिनं तमिळमध्ये सगळं सांगितलं. त्यानं वीणा हातात घेतली, दांडीच्या कडेला तालाच्या खुंट्यांची तीन भोकं होती त्यांवरून अंगठा फिरवला.

"बुजवून पलीकडे नवी पाडता नाही येणार?" अनिरुद्धरावांनी विचारलं.

"एकाच जागी दोन्ही बाजूंनी भोकं पाडली की दांडी कमकुवत होते. तारा ताणल्या की चीर जाईल. आज नाही तर दोन वर्षांनी." आसारी थांबला. "तशी वीणा मी देणार नाही. नवी करतो. वाळलेलं खोड आहे माझ्याकडे."

"किती दिवस?"

"नऊ महिने."

अनिरुद्धरावांनी सौम्याकडे पाहिलं. पुढच्या महिन्यात तिरुवैयारूच्या संगीत उत्सवात सौम्या अपघातानंतर पहिल्यांदा लोकांसमोर बसणार होती.

"जुन्याच वीणेवर वाजवीन, अप्पा," सौम्या म्हणाली. "ताल दुसरं कुणी धरेल."

"माझं चुकलं," विनुता म्हणाली. "मला वाटलं, मेल तेवढाच आहे. खरंच वाटलं गं."

सौम्या उठली. ओढणी सारखी करून तिनं हात पुन्हा आत घेतला.

"गुरू म्हणायचे, पत्रात आधी मोठ्यांची नावं, मग कामाचं, आपलं रडगाणं शेवटी," ती म्हणाली. "आता मी बोटं पहिल्या ओळीत लिहीन, अक्का."