सावलीचा मांडव

रामनाथनं एसीची पिन भिंतीतून उपटली आणि वायर मशीनला गुंडाळून टाकली.

"आजपासनं हा बंद. लाईटबिल बघितलंस? आख्ख्या वाडीचे चिकू विकून ह्या डब्याला खायला घालू काय?"

रखमा भाकरी थापत होती. तिनं मान पण वर केली नाय. बाहेर ऊन असं, की उमरोळीची कुत्री मोरीत जाऊन पडलेली. वर स्लॅब तापलेला, खाली माणसं शिजत होती. अशात नवरा एसी बंद करतो म्हटल्यावर दुसऱ्या कुणी बायकोनं भांडी आपटली असती. रखमा गालात हसली.

कारण तिचं दुखणं उकाडा नव्हतंच. तिचं दुखणं होतं तिची पोरगी, तेजल.

ह्या एसीपायीच तर सगळं झालेलं. मागच्या उन्हाळ्यात तो बसवायला सालवडचा केदार आला. पोरगा बोईसरात एसीचंच काम करतो. कामाला चोख, बोलायला गोड. मशीन कोरं करकरीत, तरी हा आठवड्याला बघायला हजर. कधी गॅस बघायचा, कधी जाळी धुवायचा. शेवटी रामनाथच्या ध्यानात आलं, की बिघाड मशीनमधी नाय, घरात हाय. तेजल म्हणाली, लगीन करीन तर केदारशीच. त्यावर रामनाथ देवळाच्या ओट्यावर सगळ्या आळीसमोर बोलून बसला, की ह्या मिस्त्रीसाठी आपण अंगणात मांडव घालणार नाय. तेव्हापासनं पोरगी ताट वाढलं म्हणून दोन घास खायची, तेवढंच.

रामनाथ शब्दाचा पक्का. त्याचा शब्द मोडायचा तर त्याच्याच हातानं मोडून घ्यायला पायजे, हे रखमाला कवाचं कळलेलं. रस्ता सापडत नव्हता. तो आज नवऱ्यानं आयता आणून दिला.

"बंद तर बंद," ती म्हणाली. "माझ्या बापाच्या घरी कुठं मशीन होतं? पण मग घर थंड ठेवायला हात हलवायला लागतील."

"हलवू की. तू सांग काय करायचं."

पहिल्यांदा तिनं स्लॅबला चुना मारायला लावला. पांढऱ्यावर ऊन ठरत नाय. रामनाथ स्लॅबवर थांबला नाय, चुना उरलाय तर वाया कशाला म्हणून त्यानं भिंती पण पांढऱ्याफेक केल्या. मग खिडक्यांना गोणपाटं बांधली, दुपारी त्यांवर पाणी शिंपडायचं. घरात जरा जीव आला. पण अंगणाकडची भिंत दिवस कलेपर्यंत तव्यासारखी तापायची. रामनाथ तिच्यावर हात ठेवायचा, चटका बसला की रखमाकडं बघायचा आणि विचारायचा, हिचं काय करूया, तूच सांग.

रखमानं घाई केली नाय. त्याला आणखी थोडं भाजू दिलं. मग सहज बोलल्यासारखं म्हणाली, "अंगणात झावळ्या टाकल्या तर भिंतीला ऊन लागणार नाय."

"म्हणजे मांडवच की."

"मांडव कसला? लगीन हाय का घरात? नुसती सावली."

रामनाथ डोकं खाजवत बसला. आळीची रीत रखमाला पक्की ठाऊक. लग्नाच्या दिवसांत दारात हिरवा मांडव पडला, की हळद लागल्याबिगर तो उतरवायचा नाय. ह्याला आठवलं तर संपलंच. पण तो उठला, कोयता कमरेला लावला आणि माडावर चढला.

सावलीला लागतात त्यापेक्षा जास्तच बांबू त्यानं पुरले. वर झावळ्या विणून टाकल्या. तोंड रस्त्याकडं ठेवलं, वारा तिकडूनच येतो म्हणाला. खांबांना आंब्याच्या डहाळ्यांचे टाळे बांधले. पाल्यातनं आलेला वारा गार लागतो म्हणे. रखमा पदर तोंडाला लावून आत पळाली. तेजलच्या कानात सगळं सांगितलं. त्या दिवशी पोरीनं दुसरी भाकरी मागून घेतली.

घर खरंच थंड झालं. रामनाथ भरदुपारी मांडवाखाली बाज टाकून घोरायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून दाखवायचा, या, बसा, बघा बिनबिलाची हवा.

मग रखमाला पायजे होतं तेच झालं. शेजारची चंद्रकांता काकी आळीतल्या बायका घेऊन आली, हातात सुपं. मांडव दिसला की तांदूळ निवडायला जायचं, बोलावण्याची वाट बघायची नाय.

"रामनाथ, हळद कवा?" काकीनं विचारलं.

रामनाथ बाजेवर उठून बसला. सांगायला लागला की मांडव नाय, ही उन्हासाठी सावली हाय. बायका पदराआड हसल्या. काकी म्हणाली, घरात लग्नाची पोर, मांडवाला आंब्याचा टाळा, आणि म्हणे सावली. हळद न लागता उतरवलास तर आळी तुझ्या दारात पाणी पिणार नाय.

रामनाथनं बायकोकडं बघितलं. रखमा वर झावळ्या बघत होती.

"फसवलंस मला," तो म्हणाला. लांब उसासा टाकला. मग शेवटच्या घरापर्यंत ऐकू जाईल असा बोलला, "पडला मांडव. आता मी काय करणार? जा, बोलव त्या मिस्त्रीच्या आईला."

पायाला लागतील त्या चपला घालून रखमा निघाली. रिक्षा करून थेट सालवड. रस्ताभर मनात बोलणं जुळवत होती. केदारची आई, वत्सला, नाय म्हणाली तर? त्या बाईच्या पोराला भर आळीत बोल लागलेला. पाया पडायला लागलं तर पडू. रामनाथसारख्याला गुंडाळला, तिथं ही काय.

वत्सलानं दार उघडलं. रखमाला तोंडच उघडू दिलं नाय. हाताला धरून आत नेलं आणि साखरेची वाटी पुढं केली.

"बसा, विहीणबाय. रामनाथभाऊ तर पाडव्यालाच येऊन साखर खाऊन गेले. म्हणाले, आळीसमोर बोलून बसलोय, आता मला मागं फिरता येत नाय. तुमी धीर धरा. मी एसी बंद करतो, मांडवाचं रखमा बघून घेईल."