जिल्हाविजेत्यांचं औक्षण

वनिताच्या हातात औक्षणाचं ताट देऊन हॉकी शिकवणारे जगदीश सर म्हणाले, नीट ओवाळ, तोंड पाडू नकोस, शेठ बघतायत. वनिता शाळेच्या मुलींच्या हॉकी संघाची कॅप्टन. अंगावर आईची जरीची साडी आणि नडगीवर स्टिक लागल्याचा निळा डाग, अजून न गेलेला. समोर शाळेच्या मैदानाच्या कडेला मांडव, स्टेजवर फुगे, भगवे फेटे आणि पोरांचा संघ. जिल्हाविजेता, म्हणे.

कसला विजेता? मुलांच्या गटात जिल्ह्यातून दुसरा एकही संघ आला नाही, एवढंच झालं. अकरा पोरं नवे टी-शर्ट घालून मैदानात रांगेत उभी राहिली. पंचांनी शिटी फुंकली आणि करंडक हातात दिला. कपाळावर घामाचा थेंब नाही. मग ही शूर मंडळी झाडाखाली वडापाव हाणत बसली आणि पोरींची फायनल बघून खिदळली. गावात मात्र आली ती टेंपोत उभी राहून, गुलाल उधळत, डीजे लावून. कर्जतच्या चौकात बॅनर लागला. बॅनरवर मधोमध कोण, तर संस्थेचे अध्यक्ष दशरथशेठ, हॉकीची स्टिक उलटी धरून.

पोरी खेळल्या. चिकटपट्ट्या गुंडाळलेल्या जुन्या स्टिका घेऊन त्यांनी खालापूरच्या संघाला हरवलं, पनवेलच्या संघाला हरवलं, आणि फायनल एका गोलाने गेली. त्यांना ना टेंपो, ना बॅनर. उलट शेठनी हिशेब करून टाकला. पोरं जिंकतात, पोरी हरतात, मग दोन-दोन संघ पोसायचे कशाला? पुढच्या वर्षीपासून मुलींची हॉकी बंद. जगदीश सर मैदानावर केवढे गरजायचे! शेठपुढे मान डोलावून परत आले. वर वनितालाच समजावलं, कार्यक्रमात गोड वाग, पोरांना ओवाळ, शेठचं मन विरघळलं तर बघू. शेठचं मन! ते विरघळताना आजवर कुणी बघितलंय?

पण वनिताने ऐकलं. तिला नववीनंतरचं आणखी एक वर्ष खेळायचं होतं, आणि तिच्या मागच्या लहान पोरींनी तर आत्ता कुठे स्टिक धरली होती. गोलकीपर तय्यबाने तिला चांगलंच खडसावलं, लाज नाय वाटत का गं तुला, म्हणाली. वाटत होती. तरी ती ताट घेऊन स्टेजवर चढली. बाकीच्या पोरी, स्वागतासाठी तिच्यासारख्याच साड्या नेसवलेल्या, स्टेजखाली उभ्या होत्या.

पाहुणे होते कळंबचे एक रिसॉर्टवाले. पोरांचे टी-शर्ट त्यांनीच दिलेले. भाबडा माणूस. त्यांना खरंच वाटलं, की ही पोरं कुठेतरी काहीतरी खेळून आलीत. त्यांनी पोरांच्या कॅप्टनच्या हातात माइक दिला आणि फायनलचा गोल कसा झाला ते सगळ्यांना सांग म्हणाले. कॅप्टन नवनाथ, शेठचा सख्खा पुतण्या. तो आधी नुसताच फेटा सावरत राहिला. जगदीश सर स्वतःच्या बुटांकडे बघायला लागले. मग नवनाथला कंठ फुटला. डावीकडून बॉल काढला, दोघांना चकवलं, तिसऱ्याची स्टिक नडगीवर बसली, तरी पडता पडता कोपऱ्यात हाणला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. शेठनी तर रुमालाने डोळे टिपले.

वनिताच्या अंगाची लाही लाही झाली. गोल तिचा होता. वडापाव खाता खाता या बहाद्दराने जन्मात एकच गोल नीट बघितला, आणि तोही ढापला.

शेठनी हाताने खूण केली. वनिता पुढे झाली. नवनाथला कुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या, निरांजन ओवाळलं. आणि ताट धरून तशीच उभी राहिली. ओवाळल्यावर ताटात काहीतरी पडावं लागतं, हे काय कुणाला शिकवावं लागतं? पुढच्या सतरंजीवरच्या बाया हसायला लागल्या. घाल रं काहीतरी, म्हणाल्या. नवनाथने रिकामे खिसे चाचपले. तेव्हा शेठनी मोठ्या ऐटीत आपलं पाकीट काढलं. वनिताने ताट मागे घेतलं.

“पैसं नको,” ती म्हणाली. “ओवाळणीत एक मॅच द्या. आत्ता, हितंच. आमी हरलो तर आमची टीम बंद करा. जिंकलो तर चालू ठेवा.”

मागितलेली ओवाळणी नाकारायची, तीही भरल्या मांडवात, पाहुण्यांदेखत? बाया आता हसत नव्हत्या, शेठकडे बघत होत्या. पाहुणे तर खूशच झाले. तो गोल मलाही बघायचाय, म्हणत खुर्ची मैदानाकडे वळवून बसले. शेठनी क्षणभर विचार केला. जिल्हाविजेती पोरं, आणि समोर कोण, तर साड्या नेसलेल्या पोरी. उलट बरंच झालं, कायमची कटकट मिटेल.

“दिली ओवाळणी,” शेठ म्हणाले. “नवनाथ, उतर खाली.”

पोरींनी तिथल्या तिथे पदर खोचले. तय्यबा पॅड आणायला वर्गाकडे पळाली. नवनाथ मात्र जागचा हलेना. माइक अजून त्याच्याच हातात होता, चालू. तो मागे वळला आणि आपल्या जिल्हाविजेत्या संघाला त्याने अगदी हळू विचारलं. कर्ण्यातून ते अख्ख्या गावाने ऐकलं.

“ए, आपला गोलकीपर कोन हाय रं?”