दाढीवाल्याच्या कोपराकडे बघ

‘पाठवा’वरून बोट उचललं आणि मावशींच्या लक्षात आलं, नको तेही गेलं.

पाठवायच्या होत्या फक्त गजाच्या खुणा. कुठे गज वर न्यायचा, कुठे खाली, हे वाद्यवृंदातल्या ‘दुसरी व्हायोलिनं’ या गटातल्या आठ जणांना ठरवून देणं हे मावशींचं काम. पूर्वी त्यासाठी पेन्सिल घेऊन आठ प्रती खरडत बसावं लागे. आता टॅबलेटवर एकदा लिहिलं की क्षणात साऱ्या वाद्यवृंदाच्या नोटेशनवर उमटतं. सोय मोठी, तक्रार नाही. फक्त स्वतःपुरतं लिहायचं एक वेगळं पान असतं, आणि पाठवण्याआधी ते आठवणीने बंद करायचं असतं. तेवढंच राहून गेलं होतं.

तालमीच्या हॉलमधले छत्तीस टॅबलेट एकदम किणकिणले. मावशींच्या ठसठशीत निळ्या अक्षरात सगळं चव्हाट्यावर आलं. ‘इथे डावा कान दगा देतो. मोजत राहा.’ ‘इथे सरांचे ओठ बघ.’ आणि एकोणिसाव्या ओळीवर, खाली दोन रेघा मारून: ‘काहीही ऐकू येत नाही. दाढीवाल्याच्या कोपराकडे बघ.’

गेलं वर्षभर त्यांनी ही गोष्ट घरातही कुणाला कळू दिली नव्हती. सव्वीस वर्षं व्हायोलिन ज्या कानाखाली वाजलं, नेमका तोच कान गेला होता. कान गेलेल्या बाईला वाद्यवृंदात कोण ठेवून घेणार? उद्यापासून घरी बसायचं. पाठवलेलं परत कसं घ्यायचं ते काही सापडेना. सापडेल ते बटण त्या दाबत सुटल्या, तर पान मोठं मोठंच होत गेलं आणि ‘ऐकू येत नाही’ ही अक्षरं तळहाताएवढी झाली.

बासरीवाली पोरगी उगाच बासरी पुसायला लागली. वाद्यवृंदाचे संचालक, म्हणजे सर, यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि टॅबलेट नाकाशी धरून शांतपणे शेवटपर्यंत वाचलं. सर तसे फटकळ. त्यांच्या शांतपणाचीच सगळ्यांना भीती वाटे.

“मावशी, हे तुम्ही लिहिलंत?”

“हो, सर.”

“कधीपासून आहे?”

“वर्ष झालं.” आता लपवण्यात अर्थ नव्हता. “सांगणार होते. धीर झाला नाही.”

तेवढ्यात चेलोंच्या, म्हणजे थोरल्या व्हायोलिनांच्या, रांगेत कुणीतरी खाकरलं. दाढीवाले उठून उभे राहिले होते. वयाने चार वर्षांनी मोठे असूनही तेही त्यांना मावशीच म्हणत.

“सर, जरा घोटाळा आहे,” ते म्हणाले. “एकोणिसाव्या ओळीत मी मावशींकडे बघतो.”

“म्हणजे?”

“तिथे माझं मोजणं हमखास चुकतं. आजचं नाही, पहिल्यापासूनच. मावशींचा गज हलला की मी घुसतो.”

सरांनी एकदा दाढीवाल्यांकडे पाहिलं, एकदा मावशींकडे.

“या तुमच्याकडे बघतात, तुम्ही यांच्याकडे बघता. मग इतके दिवस ही ओळ सांभाळतंय कोण?”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग कुणालाच आवरेना. मावशींना तर हसावं की रडावं तेच कळेना. त्यांनी दोन्ही उरकून घेतलं.

सर मात्र हसले नाहीत. “डावा गेला. उजवा कसा आहे?”

“ठणठणीत.”

“मग उठा. दुसरी व्हायोलिनं सगळी इकडे, माझ्या उजव्या हाताला. म्हणजे बाकीचे सगळे तुमच्या चांगल्या कानाला येतील. एवढी साधी गोष्ट, आणि वर्षभर माझे ओठ बघत बसलात! आधी सांगितलं असतंत तर मिशी तरी नीट कापून आलो असतो.”

खुर्च्या सरकल्या, स्टँड फरफटले, दोघातिघांच्या पायात वायरी अडकल्या. दहा मिनिटं नुसता गोंधळ. मावशी नव्या जागी बसल्या आणि वर्षात पहिल्यांदाच त्यांनी मोकळा श्वास घेतला. इतकं हलकं वाटलं की क्षणभर त्यांना आपलं व्हायोलिनच कुठे ठेवलंय ते आठवेना. ते मांडीवरच होतं.

“एकोणिसावी ओळ,” सर म्हणाले आणि त्यांनी हात खाली आणला.

चेलो उजव्या कानात भरून आले. मावशी दाढीवाल्यांकडे न बघताच बरोबर जागेवर शिरल्या, चार मात्रा वाजवल्या आणि त्यांनी गज खाली घेतला. सगळे थांबले. दाढीवाल्यांचा चेहरा पडला.

“काय झालं, मावशी? अजूनही ऐकू येत नाहीये?” त्यांनी विचारलं.

“येतंय ना,” मावशी म्हणाल्या. “तुमची तिसरी तार उतरलीय.”