मे महिन्यातला बर्फ

अकोल्यात भर मे महिन्यात शर्वरीने फिनलंडला शिकायला जायचं म्हणून घेतलेला जाडजूड कोट चढवला, कानटोपी ओढली आणि ती कूलरसमोर डोळे मिटून उभी राहिली.

"हसू नको आई, थंडीची सवय करून राह्यली मी."

बाबांनी कूलरच्या टाकीत बर्फाचे खडे सोडले. वारा गारठला. मिटल्या डोळ्यांपुढे पांढरी झाडं आली, पांढरे रस्ते आले, आणि शर्वरी त्यांतून चालत कितीतरी लांब गेली. तेवढ्यात ओल्या वाळ्याचा वास आला. तिची पावलं थबकली. तिथल्या बर्फाला हा वास नसणार.

तिने डोळे उघडले, तर आई कूलरच्या ताटीतून वाळ्याच्या काड्या उपसत होती. पदराने टिपून तिने त्या कोटाच्या खिशात कोंबल्या.

"आता जाय, किती लांब जायचं ते."