हिरवी वायर

रेनिटा लॅपटॉपवर संगीतासाठी आभासी सिंथेसायझर जोडायची. पडद्यावरच्या एका खोक्यातून दुसऱ्या खोक्यात वायर ओढली की आवाज निघायचा. तिचे पप्पा, पास्कल, वटार गावचे जुने वायरमन. एकदा तिच्या मागे उभं राहून त्यांनी सगळं जोडकाम डोळ्यांखालून घातलं.

“बाय, एवढ्या वायरी, आनि अर्थिंग कुठं?”

“पप्पा, ही खोटी वीज आहे.”

“वीज ती वीज. अर्थिंगशिवाय मी कुनाला मेन स्विच चालू करू दिला नाय.”

तिने हसत अर्थिंगची म्हणून एक हिरवी वायर कोपऱ्यातल्या रिकाम्या खोक्यात नेऊन सोडली. तेव्हा कुठे ते स्टुलावर बसून ऐकायला लागले. पुढे प्रत्येक नव्या रचनेत ते आधी हिरवी वायर शोधायचे.

फेब्रुवारीत पप्पा गेले. ईस्टरनंतर रेनिटाने नवी रचना जुळवली आणि मावसभाऊ जोएलला ऐकवली.

“ही हिरवी कशाला? काहीच करत नाही,” म्हणत त्याने ती काढून टाकली. आवाजात खरंच तसूभर फरक पडला नाही.

रेनिटाने वायर होती तिथे परत जोडली.

“असू दे. त्याशिवाय पप्पा मेन चालू करू देत नाहीत.”