उलटी बाही

तिसऱ्यांदा बाही उलटीच जोडून आली, तेव्हा शिवणाच्या बाईंनी कपाळाला हात लावला.

पडद्यावर फोटो होता. वर्तमानपत्राच्या कागदाचा सदरा, आणि त्याच्या उजव्या खांद्याला डावी बाही टाचलेली. खाली एक ओळ: "बाई, तुम्ही दाखवलं तसंच केलं. मग चुकतं कुठं?"

पाठवणाऱ्याचं टोपणनाव होतं 'धागा'. बाईंच्या ऑनलाइन वर्गात कुणालाच खरं नाव नव्हतं. तपासताना पक्षपात नको म्हणून संस्थेनं सगळ्यांना टोपणनावंच घ्यायला लावली होती. त्यातच खरी मेख होती. या विद्यार्थ्यांत संस्थेचा एक परीक्षक गुपचूप बसवलेला असतो, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक होतं. त्याचा अहवाल चांगला आला तर वर्ग पुढे चालणार, नाहीतर बंद. तसं झालं तर बाईंना पुन्हा कपड्यांच्या कारखान्यात मुकादमाची बोलणी खात बटणं लावावी लागणार होती.

"इतका ढ माणूस खरा असूच शकत नाही," सासऱ्यांना चहा देताना त्या म्हणाल्या. "हाच परीक्षक. मी कधी चिडते, ते बघतोय."

"असेलही," सासरे म्हणाले. "पण विचारतोय तर सांगून टाक, सूनबाई. तुझं काय जातंय?"

सासूबाई गेल्यापासून सासऱ्यांचा वेळ जाता जात नसे. कधी शिवणयंत्रापाशी येऊन नुसतेच उभे राहत. तेवढ्यात वर्गाची वेळ होई आणि बाई त्यांना गोडीत आतल्या खोलीत पिटाळत. तिथे ते कानात इअरफोन घालून बसत. जुनी वर्तमानपत्रं नेत, शब्दकोडी सोडवत. दिसत नाही म्हणून मोठा दिवाही लावून घेतला होता.

धाग्याचे प्रश्न काही संपेनात. कापडाची सुलट बाजू कशी ओळखायची? गाठ आधी मारायची की नंतर? बाई दातओठ खात, पण उत्तर जिभेवर साखर ठेवून देत. परीक्षक आहे म्हटल्यावर करतात काय! एकेका प्रश्नासाठी त्यांनी छोटा व्हिडिओ केला. बोटं जवळून दिसावीत म्हणून टेबलाच्या वर दुसरा मोबाइल टांगला. प्रत्येक धड्याच्या शेवटी चार सोपे प्रश्न घातले, म्हणजे कोण कुठं अडलंय ते लगेच कळे. गंमत म्हणजे बाकीचे विद्यार्थीही भराभर सुधारू लागले. बाही मात्र उलटीच येत राहिली.

शेवटी वैतागून बाईंनी स्वतःचाच धडा विद्यार्थ्यासारखा बसून पाहिला. पाहता पाहता त्या चक्रावल्या. पडद्यावरची बाई डाव्या हातानं कात्री चालवत होती. मी डावखुरी कधी झाले?

मग उजेड पडला. मोबाइलचा पुढचा कॅमेरा आरशासारखं चित्र देत होता. डावं ते उजवं, उजवं ते डावं. त्या तोंडानं 'उजवा खांदा' म्हणत, पण पडद्यावर हातातली बाही दिसे डावी. ज्यांना थोडंफार शिवता येत होतं, ते मनातल्या मनात सुधारून घेत होते. धागा बिचारा दाखवलं तसंच करत होता.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक धाग्याची नव्हतीच, आपलीच होती. त्यांनी सगळे धडे नव्यानं चित्रित केले. आणि परीक्षकाचं डोकं मानलं.

अंतिम परीक्षेत पांढऱ्या कापडाचा खरा सदरा शिवायचा होता. धाग्याचा फोटो आला आणि बाई पुन्हा गोंधळल्या. टाके सुबक, गळा नेटका, डावी बाही अचूक. उजवी मात्र पुढचं मागे करून लावलेली. आता याला काय म्हणावं? पास करावं तर परीक्षक म्हणणार, बाई डोळे झाकून गुण वाटतात. नापास करावं तर तो दुखावणार. इकडे आड तिकडे विहीर.

बराच विचार करून त्यांनी लिहिलं, "नापास. पुन्हा बसा." ही परीक्षा आपलीच आहे, अशी त्यांची खात्री होती. गुप्तपणे बसलेल्या माणसाला बरोबर ओळखलं म्हणून त्या स्वतःवर खूशही झाल्या.

निकालाच्या संध्याकाळी फोन आला. परीक्षक बोलत होती, आणि ती चक्क एक बाई निघाली.

"मी तुमच्या वर्गातली 'कैची'," ती म्हणाली. "वर्ग मंजूर झालाय. मी कधी काही विचारलं नाही, कारण त्या धाग्यामुळे विचारायला काही उरलंच नाही. त्याला माझा नमस्कार सांगा."

कैची? वर्गात कधी एक अक्षरही न विचारणारी ती? बाईंना आनंद करावा की डोकं खाजवावं, कळेना. मग धागा कोण?

त्यांनी फोन खाली ठेवला, तोच आतल्या खोलीचं दार उघडलं आणि सासरे बाहेर आले. छातीशी काहीतरी पांढरं धरलं होतं. ते त्यांनी टेबलावर पसरलं, हातानं सुरकुत्या सारख्या केल्या आणि खाली मान घालून उभे राहिले.

"बाई," ते म्हणाले, "नापास केलंत ते बरोबरच आहे. पण ही उजवी बाही एकदा मला समोर बसवून दाखवाल का?"